लोकसंख्या कमी म्हणून गावाला रस्ता आणि एसटी मिळत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की नेटवर तुमच्या गावाची लोकसंख्या ४३८ दाखवतात, बसच्या रकान्यात ‘५ ते १० किलोमीटर’ लिहिलंय, आणि कुठल्याही कचेरीत गेलं तरी एकच उत्तर मिळतं: माणसंच कमी आहेत, रस्ता आणि गाडी कशी देणार? रस्त्यापुरतं हे अर्धं खरं आहे. एसटीपुरतं जवळजवळ खोटं आहे. आणि ४३८ हा आज तुमच्या गावाचा आकडा आहे असं तर मुळीच धरून चालू नका.

मी सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागातली. आमची गट ग्रामपंचायत आहे, तिची एक पंचवार्षिक सरपंच होते. याच दोन कामांसाठी पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि आगार इथे खेपा घातल्या. त्यातून जे समजलं ते सांगते.

आधी आकड्याचं. कुठल्याही गावाची माहिती नेटवर काढलीत तरी ती फिरून फिरून २०११ च्या जनगणनेवर येते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे २०११ ला पहिलीत असलेली पोरं आज कमावती झाली, काहींची लग्नं झाली, तरी सरकारी कागदावर ती अजून पहिलीतच. बसचा तो ‘५ ते १० किमी’सुद्धा तिथलाच आहे. जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावापुढे शाळा, दवाखाना, बस, रेल्वे अशा सोयी लिहिलेल्या असतात. सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे याचे तीनच टप्पे केलेत: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, आणि १० च्या पुढे. हे अंतर कागदावरचं. मधे ओढा आहे का, घाट आहे का, जुलैत तो रस्ता राहतो का, यातलं काही त्या रकान्यात मावत नाही.

दुसरी गोष्ट, ती मोजणी झाली फेब्रुवारी २०११ मध्ये, आणि माणूस जिथे राहतो तिथे मोजला गेला. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला. कुणी नवी मुंबईच्या मार्केटात माथाडी, कुणी कंपनीत, कुणी रिक्षावर. ही सगळी मंडळी तिकडे मोजली गेली. पण मतदार यादीत बरेच जण अजून इथेच आहेत, रेशनकार्डावरही आहेत, आणि यात्रेला आले की गावात पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे जनगणनेचा आकडा, मतदार यादी आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ (घरपट्टी आकारणीच्या वही) मधली घरं यांचा मेळ कधीच बसत नाही. त्यात कुणी चोरी केलीय असं नाही, तिन्ही वह्या वेगळी गोष्ट मोजतात. आज गावात खरोखर किती माणसं झोपतात हे पाहायचं असेल तर अंगणवाडी सेविकेची आणि आशाताईंची वही बघा. त्या घरोघर फिरतात. कोण बाळंतपणाला आली, कोणतं म्हातारं माणूस एकटं राहतंय, कोणत्या घराला कुलूप आहे, सगळं त्यांना माहीत असतं.

माणसं कमी होतायत हेही खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. २००१ ते २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. घाटाच्या अलीकडच्या आमच्या गावांचंही तेच चाललंय. पण माणसं का जातात? आठवीनंतर शाळा लांब, दवाखाना लांब, दूध डेअरीपर्यंत न्यायचं तर डोक्यावरून. रस्ता नाही म्हणून घरं बंद होतात, आणि मग घरं बंद आहेत म्हणून रस्ता नाकारतात. मला राग येतो तो याचा. कारण निकषाचा कागद तयार करणाऱ्याला शेवटचा आकडा दिसतो, तो तिथवर कसा आला ते दिसत नाही.

आता रस्त्याचा निकष. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिच्यात मैदानी भागात ५०० आणि त्याहून जास्त लोकसंख्येची वस्ती पात्र. डोंगरी राज्यं, वाळवंटी भाग आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग इथे २५० ची वस्ती पात्र. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात २५ हजार वस्त्या आणि ६२,५०० किलोमीटर रस्ते धरलेत. निकष साधारण तेच, फक्त लोकसंख्या आता २०११ ची धरतात. आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेले, जिल्हे आणि तालुके यांनाही त्यात २५० ची सवलत आहे.

यात आमच्यासारख्यांचं नुकसान कुठे होतं ते नीट पाहा. डोंगरी राज्यं म्हणजे हिमाचल, उत्तराखंड, ईशान्येकडची वगैरे. महाराष्ट्र त्यात नाही. पुणे जिल्ह्यातला आंबेगाव-जुन्नरचा आदिवासी पट्टा त्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो, म्हणून तिथल्या वस्तीला २५० चा आधार आहे. साताऱ्याच्या डोंगरातल्या वाडीला तो नाही. सह्याद्री तोच, पाऊस तोच, चढ तोच, पण आमची वाडी हिशेबात मैदानी. राज्याच्या डोंगरी विकास कार्यक्रमात आमचा तालुका आहे, त्यातून साकव, छोटे रस्ते होतात, पण तो निधी फार पुरत नाही.

तरीही ४३८ ऐकून हात टेकू नका. त्या योजनेत एकक महसुली गाव नसतं, वस्ती असते. हे दोन्ही बाजूंनी लागू होतं. गाव चार वाड्यांत विखुरलं असेल तर एकेका वाडीचा आकडा शंभरावर येतो आणि तुम्ही आणखी खाली जाता. उलट, दोन गावांच्या हद्दीवरच्या वाड्या जवळजवळ असतील तर त्या एकत्र धरता येतात: मैदानात ५०० मीटरच्या आत, डोंगरात पायवाटेने दीड किलोमीटरच्या आत. आमच्या दोन वाड्या दोन वेगळ्या महसुली गावांत आहेत, मधे फक्त एक खिंड. कागदावर त्यांचा एकमेकींशी संबंधच नव्हता. दोन्ही ग्रामसभांचे ठराव जोडून, पायवाटेचं अंतर लिहून अर्ज केला तेव्हा कुठे कुणीतरी नकाशा उघडून बघितला. तुमच्या शेजारच्या गावाची एखादी वाडी अशी जवळ आहे का, हे आधी तपासा.

निकषात बसलाच नाहीत तर पुढे काय, हे लोकांना कुणी सांगत नाही. केंद्राची योजना ही एकच वाट नाही. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना जिल्हा नियोजन समितीतून ‘तीस-चोपन्न’ आणि ‘पन्नास-चोपन्न’ या लेखाशीर्षांतून, म्हणजे सरकारी खर्चाच्या खात्यांतून, पैसे येतात. पहिलं मुख्यतः दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी, दुसरं नव्या बांधकामासाठी. गावातले अंतर्गत रस्ते ‘पंचवीस-पंधरा’तून होतात. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आहे, तिचा भर आहे त्या ग्रामीण रस्त्यांच्या दर्जोन्नतीवर. शेताकडे जाणाऱ्या वाटेसाठी पाणंद रस्त्यांची योजना आहे.

पण या सगळ्याआधी एक प्रश्न विचारा: आपल्या रस्त्याला नंबर आहे का? ग्रा.मा. अमुक, असा. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात रस्त्यांची यादी असते, ती रस्ते विकास योजना २००१-२०२१ वरून आलेली. त्या यादीत रस्ता नसेल तर तुम्ही कितीही निवेदनं द्या, आमदारांना हार घाला, पैसे टाकायला शीर्षच सापडत नाही. आमच्या एका वाडीचं असंच होतं. लोकांनी श्रमदानाने वाट पाडलेली, बैलगाडी जायची, ट्रॅक्टर जायचा, सगळे तिला रस्ताच म्हणायचे, पण यादीत ती नव्हती. आधी ग्रामसभेचा ठराव, मग जिल्हा परिषदेकडे रस्त्याला ग्रामीण मार्गाचा दर्जा देण्याचा प्रस्ताव, आणि निधीची मागणी त्यानंतर. अनेक गावांची वर्षं वाया जातात ती पहिली पायरी सोडून तिसरीवर उभं राहिल्यामुळे.

जमिनीचंही आधी मिटवा. प्रधानमंत्री ग्रामसडकमध्ये जमिनीचा मोबदला योजनेतून मिळत नाही, संमतीने जागा द्यावी लागते. एका बांधावरून काम वर्षभर अडतं. संमतीपत्रं अंदाजपत्रकाच्या आधी हातात हवीत. मधे वन खात्याची जमीन असेल तर घाबरू नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली रस्त्यासारख्या गावाच्या सोयीसाठी एका कामाला १ हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जात नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल तर. सहा मीटरचा पट्टा धरला तर १ हेक्टरमध्ये साधारण दीड किलोमीटर रस्ता बसतो. बऱ्याच वाड्यांची अडचण तेवढीच असते. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाची हद्द असेल तर मात्र वन्यजीवच्या परवानग्या वेगळ्या, तिथे वेळ लागतो.

आणि डांबरावर अडून बसू नका. नियमात बारमाही रस्त्याची जी व्याख्या आहे तिच्यात डांबर सक्तीचं नाहीच. पाणी निघून जाईल अशी गटारं, मोऱ्या, फरशी पूल हवेत आणि सगळ्या ऋतूंत वाहन जायला हवं. आमच्याकडे गुळगुळीत डांबर पडलं तेव्हा लोकांनी पेढे वाटले. खालच्या ओढ्यावरची फरशी मात्र तशीच बुटकी राहिली, आणि पहिल्याच मोठ्या पावसात ती पाण्याखाली गेली. एक बाळंतीण अडली होती. १०२ ची रुग्णवाहिका ओढ्याच्या पलीकडे उभी, ड्रायव्हर हाका मारतोय, अलीकडे चार माणसं बांबूला घोंगडी बांधून तिला घेऊन उभी. पाणी उतरेपर्यंत कुणाला पाऊल टाकता आलं नाही. आई-बाळ दोघं सुखरूप आहेत, पण त्या दिवसापासून मी अंदाजपत्रक हातात आलं की आधी मोऱ्यांचं पान उघडते. तुम्हीही तेच करा. दोन किलोमीटर डांबर कमी झालं तरी चालेल, पण मोऱ्यांची आणि पुलाची उंची कमी करू देऊ नका.

आता एसटी. एसटीचा हिशेब लोकसंख्येवर चालत नाही, तो किलोमीटर आणि भारमानावर चालतो. गाडी किती किलोमीटर धावली, दर किलोमीटरला किती उत्पन्न आलं, किती सीट भरल्या. म्हणून दोन हजारांच्या गावाला फेरी नसते, कारण तिथे घराघरात मोटारसायकल आहे, आणि अडीचशेच्या वाडीत मुक्कामी गाडी असते, कारण पहाटे तीस पोरं आणि दहा दूधवाले तिच्यावरच अवलंबून आहेत. तुम्ही आगारात जाऊन ‘आमच्या गावात ४३८ लोक आहेत’ म्हणालात की समोरचा माणूस मनात म्हणणार, बरं, मग? त्याला सांगायचं ते वेगळं आहे. सकाळी सातच्या आत कोण कुठे जातं. हायस्कूलला किती, ज्युनिअर कॉलेजला किती, बाजाराच्या दिवशी किती, एमआयडीसीत कितीजण जातात. मुख्याध्यापकांकडून विद्यार्थ्यांची नावानिशी यादी सही-शिक्क्यानिशी घ्या. आमच्या अर्जाला जोर आला तो त्या यादीमुळे, ठरावामुळे नाही.

आगारात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, की तुमच्याकडचे सगळे सवलतवाले, उत्पन्न कुठे? १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, बाकी विद्यार्थ्यांना मासिक पासात मोठी सवलत आहे. या सवलतींची रक्कम शासन महामंडळाला देतं. हे शांतपणे पण ठामपणे सांगा. सवलतवाला प्रवासी हाही प्रवासीच आहे, भारमानात तो पूर्ण धरला पाहिजे. माझ्या मते या सगळ्या सवलतींचा सगळ्यात कमी फायदा होतो तो ज्यांना त्यांची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना. फाट्यापासून सहा किलोमीटर आत राहणाऱ्या मुलीला पास फुकट मिळतो, पण तो दाखवायला गाडी नसते. ती सातवीपर्यंत शिकते, मग घरचे म्हणतात, एवढं जंगलातून कुठे पाठवायचं. ही मुलगी कुठल्याच आकड्यात दिसत नाही. तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत असेल तर मुलींसाठीच्या निळ्या बसबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जरूर चौकशी करा. त्या गाड्या याच कामासाठी दिलेल्या आहेत.

मागणी कशी करायची यावर बरंच अवलंबून असतं. नवी गाडी मागू नका. आगारात गाड्या आणि ड्रायव्हर दोन्हींची ओढाताण असते, नवी फेरी म्हटलं की फाईल बंद होते. फाट्यावरून जाणारी किंवा फाट्याजवळ संपणारी कोणती फेरी आत वळवता येईल ते शोधा. पुढे लांब जाणारी गाडी मागू नका. आतबाहेर बारा किलोमीटर आणि घाटातला पाऊण तास वाढला की पुढच्या गावांचे लोक तक्रार करतात आणि महिन्याभरात तुमची फेरी बंद होते. जवळच्या मोठ्या गावाला रात्री मुक्कामाला थांबणारी गाडी असेल तर तो मुक्काम आपल्याकडे आणता येतो का पाहा. त्यासाठी ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला कोरडी खोली, पाणी, संडास आणि उजेड द्यावा लागतो. ग्रामपंचायतीला हे जड नाही. मुक्कामी गाडी गावाला फार मोठी गोष्ट आहे: रात्रीचा शेवटचा प्रवासी घरापर्यंत येतो आणि पहाटेची पहिली गाडी गावातूनच सुटते, ती येईल की नाही याची वाट बघावी लागत नाही.

आणि वळायला जागा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण आमचं घोडं इथेच अडलं होतं. तपासणीसाठी गाडी आली तेव्हा देवळासमोरचा चौक आम्हाला ऐसपैस वाटत होता. एका अंगाला पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला वैरणीची गंज. ड्रायव्हरने पुढे-मागे, पुढे-मागे घेतली, कंडक्टर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारतोय, येऊ द्या, येऊ द्या, आणि गाडीचं मागचं टोक टाकीच्या कठड्याला घासलं. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, सरपंच, दिवसा जमवीन, पहाटे धुक्यात नाही जमायचं. त्याचं बरोबर होतं, अकरा-बारा मीटरची गाडी असते. ज्यांची गंज होती त्या आजोबांनी त्याच संध्याकाळी ती हलवली, कुणी सांगायच्या आत. नंतर रस्त्यावर आलेल्या फांद्या पोरांनी तोडल्या, दोन वळणांवर मुरूम टाकून साइडपट्टी भरली, आणि मग रस्ता बससाठी योग्य असल्याचा बांधकाम विभागाचा दाखला मिळाला. अरुंद ग्रामीण रस्त्यावर डांबराची रुंदी ३.७५ मीटर किंवा ३ मीटरच असते, समोरून ट्रॅक्टर आला तर साइडपट्टीच उपयोगी पडते. दाखल्याआधी हे करून ठेवा.

फेरी सुरू झाली की पहिले दोन-तीन महिने फार सांभाळा. आमच्या दोन फेऱ्या होत्या. २०२१-२२ च्या संपात दोन्ही बंद झाल्या, संप मिटल्यावर सकाळची परत आली, दुपारची आली नाही. कारण दुपारी लोकांना वडापची, म्हणजे खासगी जीपची, सवय झाली होती. वडापवाल्यांना मी नावं ठेवणार नाही, अडीअडचणीला रात्री-बेरात्री तेच धावून येतात. पण जीप भरल्याशिवाय हलत नाही, पावसाळ्यात येईलच असं नाही, आणि तिच्यात पास चालत नाही. त्यामुळे गावात बसून ठरवा की एसटीच्या वेळेला एसटीनेच जायचं, रिकामी गाडी परत पाठवायची नाही. आणि एखाद्या दिवशी गाडी फाट्यावरूनच वळली तर तारीख-वेळ लिहून ठेवा. महिन्याची अशी यादी आगारात नेली की बोलणं वेगळ्या सुरात होतं.

अर्ज मार्च-एप्रिलमध्ये द्या, शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि त्याआधी फेऱ्यांची जुळवाजुळव होते. जुलैत गेलात तर वर्ष गेलं. अर्जाची प्रत आगारप्रमुख आणि विभाग नियंत्रक दोघांना, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

एक काम मात्र सगळ्यांच्या आधी हाती घ्या. जनगणनेचे प्रगणक गावात येतील तेव्हा वरच्या वाड्या, धनगरवाडे, एकटी-दुकटी घरं सुटणार नाहीत याची जबाबदारी एका माणसावर टाका. वाडीचं नाव नीट लिहिलं गेलंय का, चढून जायला लागतं म्हणून कुणी खालूनच विचारून परत गेलं नाही ना, हे त्याने सोबत फिरून बघावं. गेल्या वेळी आमची एक वाडी दुसऱ्याच गावाच्या नावात गेली होती, आणि प्रत्येक प्रस्तावात आम्हाला ती कमी पडत राहिली. यावेळी जे लिहिलं जाईल त्यावर पुढची निदान दहा वर्षं तुमच्या गावाचं मोजमाप होणार आहे.